तुळशीखालची तार

कुणाच्याही नव्या घरी गेले की मी आधी देवघर बघत नाही, स्वयंपाकघर बघत नाही. अर्थिंग कुठं घातलंय ते विचारते. माझी नातवंडं यावरून माझी यथेच्छ टर उडवतात. मागच्या महिन्यात धाकट्या नातवाच्या फ्लॅटवर वीजकाम करणाऱ्या पोरानं तीन भोकांच्या सॉकेटकडे बोट दाखवून मला समजावलं, “आजी, ते वरचं मोठं भोक दिसतंय ना, तेच अर्थिंग. काळजी करू नका.” मी म्हटलं, “भोक दिसतंय रे. त्याच्यामागे तार आहे का?” त्यानं उघडून दाखवलं. तार नव्हती. पोरगा ओशाळला आणि मुकाट्यानं तार ओढायला बसला. मला त्याचा राग आला नाही. तार नसलेल्या घरात माणसं किती निर्धास्त वावरतात हे मी फार लहानपणी पाहिलं होतं, आणि त्या घरातली तार मीच काढलेली होती.

जालन्याला कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, मधे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली न्हाणी. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की आईची भाकरी थापायची लय सुरू व्हायची, ती दादा जेवून कोर्टात जाईपर्यंत. दादा म्हणजे माझे वडील. मुन्सिफ कोर्टात अहलकार, म्हणजे कारकून, होते. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी आल्यावर नव्या नव्या वस्तूंची स्वप्नं बघायचे. घरात आई, मी, पाळण्यातला मधू आणि दादांची थोरली बहीण आक्का, एवढीच माणसं. आक्का लग्नानंतर तिसऱ्या वर्षी विधवा होऊन जांबहून परत आली होती. येताना तिनं सासरचं काही आणलं नाही. एक तुळशीचं रोप तेवढं ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेऊन आली. ते तिनं अंगणात लावलं. वृंदावन कसलं, विटांचा गुडघ्याएवढा ओटा आणि आत माती. पण टंचाईच्या वैशाखात आई आणि मी एकाच बादलीत न्हायचो तेव्हाही त्या ओट्याला रोज सकाळी तांब्या पडायचा.

आक्काचं सोवळं कडक होतं. येसराची आमटी ढवळतानाही तिचं एक लक्ष आमच्यावर असायचं, कुणी चौकटीच्या आत पाऊल टाकलं की “शिवू नको!” म्हणून ती अशी ओरडायची की आमचे पाय जागच्या जागी थिजायचे. तिची धुतलेली लुगडी उंच वेळूच्या दांडीवर वाळायची, आणि ती वर टाकायला, खाली घ्यायला एक गुळगुळीत काठी होती. त्या काठीला आम्ही हात लावायचा नव्हता. बाकी घराचे ओले कपडे न्हाणीजवळच्या लोखंडी तारेवर वाळायचे. या दोन वाळवणांमधल्या अंतरावर पुढं एक जीव टांगणीला लागणार होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

घरात वीज घ्यायची असं दादांनी ठरवलं तेव्हा आई घाबरली आणि आक्का रागावली. गल्लीत तोवर दोनच घरी दिवे होते. दादांनी गफूर मिस्त्रींना आणलं. उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस. डाव्या हाताची दोन बोटं आखडून गेलेली. त्यांनी चार दिवस भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यातून तारा नेल्या, ओसरीत मेन स्विचची लोखंडी पेटी बसवली आणि न्हाणीच्या भिंतीवर लोखंडी नळीचा वाकडा हात लावून त्याच्या टोकाला पत्र्याच्या टोपीखाली दिवा टांगला. मी त्यांच्या मागं मागं फिरायचे. एकदा त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलेलं त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “बेटी, बिजलीला वाट लागते. जमिनीत जायची वाट दिली तर चुपचाप जाते. नाही दिली तर माणसातून जाते. मेरे में से गई थी.” मग त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर समजायचं की वाट बंद झाली. आणि कुणी तारेला चिकटलं तर त्याला धरायचं नाही. वाळलेल्या लाकडानं मारून सोडवायचं. हे ऐकताना आक्का स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होती. तिनंही ऐकलं, पण मिस्त्रींना ते कळलं नसावं.

ही वाट म्हणजे जमिनीतला खड्डा. त्यात तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि खडं मीठ, आणि वर रोज पाणी. माती सुकली की वाट बंद. मिस्त्रींनी अंगणभर नजर फिरवली आणि तुळशीच्या ओट्याशी थांबले. दाराआडच्या आक्काला उद्देशून विचारलं, “बाई, ये पौधे को पानी डालना कभी भूलते क्या?” आतून उत्तर आलं, “जीव गेला तरी न्हाई.” मिस्त्री हसले. त्यांनी ओट्यापासून दोन हातांवर, मोरीच्या बाजूला, कोळशानं रेघ मारली. मात्र तुळशीच्या अंगणात परक्यानं पहार घालायची नाही, असं आक्कानं बजावलं, आणि दादा स्वतःच खणायला उतरले. लेखणी धरणारे हात ते. हातभर खणलं आणि खाली मुरूम लागला. पहार टणकन उडायला लागली तेव्हा दादांनी ती उचलली आणि थेट ओट्याच्या पायाशी, वर्षानुवर्षं पाणी मुरून मऊ झालेल्या मातीत घातली. तासाभरात खड्डा तयार. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “साब, बहोत नजदीक हुआ. नमक है.” दादा म्हणाले, “चलता है. बिलकुल पक्कं झालंय.” मिस्त्रींनी पत्रा पुरला, मीठ-कोळसा भरला, पत्र्याच्या वर आलेल्या दांडीला पेटीपासून आणि न्हाणीच्या नळीपासून आलेली तांब्याची तार नटानं आवळली, वर वीट ठेवली. त्या संध्याकाळी घरात दिवे लागले. आईनं विजेच्या दिव्यालाही हात जोडले.

दोन महिन्यांत तुळस वाळायला लागली. आधी पानं पिवळी पडली, मग मंजिऱ्या काळ्या. आक्कानं पाणी वाढवलं, तसतशी ती जास्तच वाळली; मीठ विरघळून मुळांना लागत होतं, हे आज कुणीही सांगेल. आक्काला मात्र एकच दिसत होतं, की ती तार आल्यापासून झाड मरतंय. तिनं रात्रीचं फराळाचंही बंद केलं. घरातली तुळस वाळणं म्हणजे घरातलं माणूस जाणं, असं ती पुटपुटायची आणि पाळण्यातल्या मधूकडे बघायची. मला धडकी भरायची. दादांना सांगितलं तर ते हसले. आईला सांगितलं तर ती रडायला लागली.

एका दुपारी आई मधूला घेऊन निजली होती. आक्कानं मला अंगणात बोलावलं. “शके, ती तार काढ.”

“मी? दादा रागावतील.”

“दत्तूला कळतंय कशाला? मला सोवळ्यात तिला शिवता येत न्हाई, न्हाईतर मीच काढली असती. झाड मरून राह्यलंय, बघ की. उद्या मधूला काही झालं मंग?”

मला मिस्त्रींचे शब्द आठवत होते, आणि मधूचं टाळूवरचं उडणारं कातडंही दिसत होतं. दोन भीतींमधली जवळची भीती मी निवडली. स्वयंपाकघरातली सांडशी आणली, वीट बाजूला केली, नट फिरवला. तार सुटली ती मी ओट्याच्या मागं वळवून ठेवली. आक्कानं मला तुळशीवर पाणी सोडायला लावलं आणि शपथ घातली: हे कुणाला म्हणून सांगायचं नाही. मग तिनं स्वतः खुरप्यानं ओट्याची माती काढून नवी भरली. तीन आठवड्यांत बुंध्याला दोन हिरवे डोळे फुटले. आक्कानं मला खोबऱ्याची वडी दिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली. आम्हा दोघींना वाटलं, आम्ही घर वाचवलं.

श्रावणात झड लागली. एका मंगळवारी मी आईचं लुगडं लोखंडी तारेवर टाकायला गेले आणि बोटांत मुंग्या आल्या. कपड्यांची ती तार एका टोकाला भिंतीतल्या खिळ्याला बांधली होती आणि दुसऱ्या टोकाला मिस्त्रींनी बसवलेल्या दिव्याच्या लोखंडी हाताला. ती सोय आईनंच केली होती, इतका भक्कम आधार वाया का घालवायचा म्हणून. मी लुगडं तिथंच टाकून मागं सरले. कोंदट अंधारामुळे न्हाणीतला दिवा सकाळीही लावलेला असायचा. मला एकदम कळलं, जमिनीत जायची वाट मीच बंद केली होती.

तशीच धावत जाऊन मी आक्काला सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण म्हणाली, “ओल्या हातानं लागलं असंल. तू तार परत जोड, जा.” मी सांडशी घेऊन गेले. वीट उचलली, तारेचं टोक सांडशीत धरलं आणि असा झटका बसला की सांडशी एकीकडे आणि मी एकीकडे. कोपरापर्यंत हात जड झाला. त्यानंतर त्या ओट्याच्या पाच हात आसपास जायचं माझं धाडस झालं नाही. दादांनी सहज बोलताना सांगितलं होतं की गफूर मिस्त्री पुतणीच्या लग्नाला भोकरदनला गेलेत, शुक्रवारी येणार. मी ठरवलं, शुक्रवारी त्यांच्या पायाशी जाऊन सांगायचं. ते दादांना सांगणार नाहीत. तोवर घरातल्या कुणाला कपड्यांच्या तारेला हात लावू द्यायचा नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली. आईच्या हातातून पिळे ओढून घ्यायची आणि म्हणायची, मी वाळत टाकते. पायात दादांच्या लाकडी खडावा घालून, एका काडीनं ढकलत ढकलत कपडे तारेवर टाकायचे. आई कौतुकानं म्हणायची, “पोर मोठी झाली ओ वन्सं.” आक्का मान वळवून तुळशीकडे बघायची. जेवताना धपाटं तसंच ताटात राहायचं. मधू रांगत अंगणाकडे निघाला की मी धावत जाऊन त्याला उचलून आणायची. दादांना सांगून टाकावं असं दिवसातून दहा वेळा मनात आलं. दादा चिडले की कमरेचा पट्टा काढायचे. शिवाय तुळशीची शपथ मोडली तर मधू जाईल, असं आक्काच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला विजेइतकंच खरं वाटत होतं. आज या वयात मला स्वतःलाच विचारावंसं वाटतं, की बये, पट्ट्याचे चार वळ जड होते की आई? पण अकरा वर्षांच्या पोरीची भीती हिशेबात बसत नाही.

शुक्रवारी सकाळी दादांनी माझं नाटक ओळखलं. “पोट बराबर हाय तुझं. चल, दप्तर घे, जल्दी.” मी दारापर्यंत गेले, पाटी विसरले म्हणून परत फिरले. अंगणात आले तर आई न्हाणीतून नुकतीच निघाली होती. केस ओले, अंगावरचं लुगडं ओलं, पाय ओल्या फरशीवर, हातात मधूचं पिळलेलं दुपटं. मी हाक मारायच्या आतच तिनं एक हात तारेला घालून दुसऱ्या हातानं दुपटं वर टाकलं, आणि ती तशीच राहिली. ओरडली नाही. नुसता घशातून घरघर असा आवाज, मान मागं कलंडलेली, हाताची मूठ तारेवर घट्ट मिटलेली आणि सगळं अंग थरथरतंय.

मी धावले. मिस्त्रींनी शिकवलेलं सगळं विसरून, दोन्ही हात पुढं करून आईला मिठी मारायला धावले. एवढ्यात कानावर आलं, “शिवू नको!”

जन्मापासून त्या आवाजाला थांबायची सवय होती. मी थांबले. आईपासून वीतभर अंतरावर, हात तसेच पुढं ठेवून. आक्का सोवळ्याची काठी घेऊन स्वयंपाकघरातून आली. ती न्हाणीजवळच्या लाकडी पाटावर चढली, तिनं काठी दोन्ही हातांनी उचलली आणि आईच्या मनगटावर अशी हाणली की हाड मोडल्याचा आवाज झाला. पहिल्यानं सुटली नाही. दुसरा घाव बसला आणि आई फरशीवर कोसळली. दादा ओरडत आले, त्यांनी ओसरीतली पेटी बंद केली. आईचे ओठ निळे झाले होते. आक्का सोवळं विसरून तिच्या उरावर वाकली, तिची छाती चोळायला लागली, गालावर चापट्या मारायला लागली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आईनं एक मोठा, रडल्यासारखा श्वास घेतला. मी तिथंच लघवी केली होती हे मला नंतर कळलं.

मिस्त्री दुपारी आले, दादांनी बोलावणं पाठवलं होतं म्हणून. आई आत निजली होती, मनगट बांधलेलं, तळहातावर जळालेली आडवी रेघ. दादा अंगणात मिस्त्रींवर तुटून पडले. तुम्ही फसवलंत, कच्चं काम केलंत, तुम्हाला जालन्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही अशी व्यवस्था करतो. मिस्त्री ऐकून घेत होते. मग ते ओट्याशी गेले, वीट उचलली आणि मागं वळवून ठेवलेली तार बाहेर काढली. “साब, ये किसने निकाला?”

 तारेच्या टोकावर सांडशीच्या दातांच्या खुणा होत्या. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि सावकाश माझ्याकडे पाहिलं. मी खांब धरून उभी होते.  तेवढ्यात आक्का दाराबाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधीही यायची नाही. ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“मी काढली,” ती म्हणाली.

दादा तिच्याकडे बघतच राहिले. “तू? तू तर सोवळ्यात चिमटासुद्धा...”

“सोवळं सोडून काढली. झाड मरत व्हतं.”

उभ्या आयुष्यात तिनं एकच गोष्ट राखली होती, आणि ती तिनं चार शब्दांत माझ्यासाठी टाकून दिली. मिस्त्रींना ते खोटं आहे हे कळलं होतं.  त्यांनी स्वतः पहार घेतली, मोरीकडे दोन हातांवर, आपल्या जुन्या रेघेवर, संध्याकाळपर्यंत मुरूम फोडला आणि नवा खड्डा केला. दिव्याच्या नळीत वायरचं रबर गळून गेलं होतं तेही बदललं, आणि कपड्यांची तार तोडून टाकली. त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही. जाताना माझ्या डोक्यावर ती आखडलेली बोटं ठेवली. मला तो हात पट्ट्यापेक्षा जड वाटला.

त्यानंतर दादा आक्काच्या हातचं जेवेनासे झाले. तिच्याशी बोलायचं झालं तर आईमार्फत बोलायचे. आईच्या हाताची बोटं कधीच नीट मिटली नाहीत. ती डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली, आणि मधूला पुन्हा म्हणून आक्काजवळ एकटा सोडला नाही. आक्कानं जीव वाचवला हे दोघांनाही ठाऊक होतं, पण धोक्यात तिनंच घातला हे त्याहून पक्कं ठाऊक होतं. आक्का रोज सकाळी पहिला तांब्या नव्या खड्ड्यावर ओतायची, दुसरा तुळशीला. एकदाही चुकली नाही. तुळस चांगली कमरेएवढी झाली.

माझं लग्न होऊन मी परभणीला गेले. आक्का अंथरुणाला खिळली तेव्हा आले. खोलीत दोघीच होतो. मी म्हटलं, “आक्का, मी आज दादांना सांगून टाकते.” तिनं डोळे उघडले. “गप. शपथ हाय तुला.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “तुला अजून माहेराला यायचंय. माझं झालं आता. खड्ड्यावर पाणी घातलं का आज कुणी?” मी उठून घालून आले. दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्याला पंगत उठल्यावर दादा आणि मी मागाहून जेवायला बसलो. दादा तिच्या फोटोकडे बघून म्हणाले, “आक्कानं आयुष्यात एकच चूक केली. पण मी काही तिला माफ करू शकलो न्हाई.” त्यांचे डोळे भरले होते. माझ्या हातात घास होता. मी मोठी होते, दोन लेकरांची आई होते, पट्ट्याचं वय केव्हाच सरलं होतं. तरीही भीती तीच, अंगणात खांब धरून उभी असतानाची. मी खाली बघून भात कालवत राहिले.

दादा गेले, आई गेली, मधूही गेला. शपथ घालणारी तर सगळ्यांच्या आधी गेली. आता ऐकायला कुणी नाही, म्हणूनच बहुधा हात धजावतोय. दादा, तार आक्कानं काढली नव्हती. मी काढली होती.